पाठमोरा उभा राहिलो तो हिवाळा

पहाटे रस्त्यावर पाय वाजायला लागले की समजायचं, भरती जवळ आली. आमच्याकडं हिवाळ्याची खूण आता हीच. पूर्वी हिवाळा शेतावरून कळायचा. कपाशीची वेचणी सरत यायची, हरभऱ्याला घाटे धरायचे, तुरी पिवळ्या पडायच्या आणि घोंगडी ट्रंकेतून बाहेर यायची. आता तांबडं फुटायच्या आधीच पहूरच्या रस्त्यानं पोरं-पोरी धापा टाकत जातात. कुणाला पोलीस व्हायचंय, कुणाला मिलिटरीत जायचंय, कुणाला वनखात्यात. मी खाटेवर पडल्या पडल्या ऐकतो. एखादा नवा गडी असतो, तो जाताना वाऱ्यासारखा जातो आणि येताना पाय फरफटत येतो. मी मनात म्हणतो, लेका, आधी दम जपायला शीक. म्हणतो फक्त, उठून सांगायला जात नाही. घोंगडी डोक्यावर ओढतो आणि पायांचा आवाज लांब जाईपर्यंत पडून राहतो.

मी चौथीपर्यंत शिकलो. पण धावण्यातलं मला कळतं, हे मी कुणालाही सांगेन, आणि कुणी नाही म्हटलं तर त्याच्याशी भांडेन. एक अख्खा हिवाळा मी धावणं ऐकलेलं आहे. पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे.

माझा एकुलता एक मुलगा किशोर काविळीनं गेला. मागं त्याची बायको पूनम राहिली आणि बोबडं बोलणारी गुड्डी. किशोर गेल्यावर मी बाहेर पडणं सोडलं होतं. शेत बटाईनं देऊन टाकलं. पारावर गेलो की चाललेलं बोलणं थांबायचं, सगळे माझ्या तोंडाकडं बघायचे, मग कुणीतरी उगाच हवापाण्याचं काढायचं. मला ते सहन होत नव्हतं. मला कुणी कीव केलेली चालत नाही, आधीपासूनच नाही. म्हणून मी घरातच बसायचो. भिंतीला पाठ लावून दिवसभर बसायचो. आमची म्हातारी, किशोरची आई, ताट पुढं ठेवायची, मी खायचो. ताट उचलून न्यायची, तेही मला कळायचं नाही.

पूनम बारावी झालेली. दिवस उलटले, कामं सुरू झाली, तशी ती एकदा म्हणाली, "आबा, पोलीस भरती निघणार आहे. धुळ्याला फॉर्म भरते."

मी म्हटलं, "भर."

म्हातारी चुलीपाशी होती, ती म्हणाली, "इतकं सोपं राह्यतं का ते? धावावं लागतं म्हणे."

"धावीन मी," पूनम म्हणाली. मग माझ्याकडं न बघता बोलली, "पण पहाटे अंधारात एकटीला भीती वाटते. आबा, तुम्ही येता का रस्त्यापर्यंत?"

सून आपल्याला राखणीला बोलावते आहे, नाही कसं म्हणायचं? मी म्हटलं, "येतो. त्यात काय एवढं?"

त्या रात्री मी किशोर गेल्यापासून पहिल्यांदा काठी शोधली. ती कोंबड्यांच्या खुराड्यावर सापडली.

पहिल्या दिवसाचं मला आजही हसू येतं. ती निघाली पंजाबी ड्रेसवर आणि पायात स्लिपर. थोडं अंतर गेली नाही तर स्लिपरचा अंगठा तुटला. स्लिपर हातात घेऊन परत आली. दुसऱ्या दिवशी किशोरची ट्रॅकपँट घालून आली, खालून दुमडलेली, कमरेला नाडी घट्ट ओढलेली. म्हातारीनं दारातून ती ट्रॅकपँट पाहिली आणि आत गेली. आत भांड्यांचा आवाज उगाच मोठा झाला. मी कानटोपी खाली ओढली आणि चालायला लागलो.

गावातल्या कुत्र्यांना ती ट्रॅकपँट अजिबात मानवली नाही. लुगड्यातली, साडीतली बाई ती ओळखतात. पँटमधली बाई धावताना दिसली की ती पिसाळल्यासारखी मागं लागायची. मी काठी घेऊन कुत्र्यांच्या मागं, कुत्री सुनेच्या मागं, अशी आमची वरात निघायची. नाक्यावर दामूची चहाची टपरी आहे. तो शेगडी पेटवताना बघायचा आणि ओरडायचा, "आबा, नंबर कोनाचा येनार? तुमचा का कुत्र्याचा?"

मी म्हणायचो, "तुझ्या चहाचा तर येणार नाही, एवढं खरं."

लोक पुन्हा माझी थट्टा करायला लागले होते. कीव करणारा माणूस थट्टा करत नाही. त्या हिवाळ्यात मला हे कळलं.

रस्त्याच्या टोकाला मैलाचा एक जुना दगड आहे. मी त्याच्यापाशी उभा राहायचो. पूनम गावाच्या वेशीपासून धावत यायची, दगडाला वळसा घालायची, परत जायची. धुकं असलं की आधी नुसता आवाज, मग एकदम ती. तर झालं काय, की ती माझ्याजवळ आली रे आली, की तिचा उजवा हात डोक्याकडं जायचा. पदर सावरायला. डोक्यावर पदर नाही, ओढणी नाही, केस रबरानं बांधलेले, तरी हात वर. आमच्याकडं सून सासऱ्यासमोर डोकं उघडं ठेवून उभी राहत नाही, लग्न झाल्या दिवसापासून हाताला तीच सवय. पण धावताना हात वर गेला की खांदा वाकडा होतो, पाय चुकतो, लय मोडते. दर खेपेला वळशावर ती अडखळायची, आणि मग पुन्हा वेग धरायला तिला जोर लागायचा.

मी म्हटलं, "अगं, डोक्यावर काही नाही तुझ्या. हात कशाला नेते?"

"मी नाही नेत आबा. आपोआप जातो."

"मग नको जाऊ देऊ."

"तुम्ही दिसले की जातो."

मी दोन-चार दिवस तिला रागावून पाहिलं. एकदा तर तिनं दोन्ही मुठी छातीशी घट्ट धरल्या आणि माझ्यापाशी आल्यावर हात वर जाऊ नये म्हणून मानच खाली घातली, आणि सरळ दगडावर आदळली. गुडघा सोलला. घरी आल्यावर म्हातारीनं हळद भरली आणि माझा उद्धार केला. "पोरीचं डोकं पाहाले जाता का पाय पाहाले?"

मग मला सुचलं. दुसऱ्या दिवशी मी दगडापाशी गेलो आणि पाठ फिरवून उभा राहिलो. तोंड शेताकडं, पाठ रस्त्याकडं. ती आली, वळली, गेली. पाय कुठं चुकला नाही. मी मनातल्या मनात टाळी वाजवली. सून आपल्याला सोडून सगळ्या जगासमोर डोकं उघडं ठेवून धावेल, तर आपणच जगातून तेवढं बाजूला व्हावं. एवढी साधी गोष्ट.

दामूला मात्र नवा विषय मिळाला. "आबा, सून धावते रस्त्यावर अन् तुम्ही तिकडं तोंड करून तुरी मोजता! कायची राखन करता तुम्ही?"

"तुझ्या अकलेची. ती कधीची हरवलीय."

तेव्हापासून मी तो हिवाळा ऐकत काढला. समोर तुरीचं शेत, त्यावर धुकं, आणि मागून तिचे पाय. ताजी असली की टाचा वाजायच्याच नाहीत. दमली की डावा पाय जड पडायचा. आदल्या रात्री रडलेली असली तर श्वास सुरुवातीलाच तुटका यायचा, आणि दुसऱ्या खेपेपर्यंत सरळ व्हायचा. दुसऱ्या बायका रस्त्यानं गेल्या की आधी बांगड्या ऐकू येतात, मग पाय. तिच्या हातात बांगड्या नव्हत्या. म्हणून पाय फार नीट ऐकू यायचे.

मी मागं न वळता ओरडायचो, "डावा उचल!" मागून आवाज यायचा, "हो आबा!" एवढंच आमचं बोलणं. घरी सुनेशी सासरा काय बोलणार? मीठ दे, गुड्डीला घे, पाणी आलं का. पण रस्त्यावर मी तिला ओरडू शकत होतो आणि ती मला ओरडून उत्तर देऊ शकत होती. किशोरच्या नावाचा उच्चार आम्ही दोघांनीही तिथं कधी केला नाही. तो होताच. त्याच्याच पँटचं कापड धावताना एकमेकांवर घासून आवाज करायचं.

गोळाफेकीचं एक निराळंच रामायण झालं. लोखंडी गोळा कुठून आणणार? मी म्हातारीचा वरवंटा उचलून दिला. वजनाला बरोबर बसतो असा माझा अंदाज. पूनम परसात तो फेकायची आणि गुड्डी टाळ्या वाजवायची. वरवंटा एकदा काळ्या दगडावर पडला आणि त्याचं टोक उडालं. संध्याकाळी म्हातारी ठेच्यासाठी मिरच्या घेऊन बसली आणि हातात टोक उडालेला वरवंटा आला.

"हा कोनी तोडला?"

मी म्हटलं, "पोलीस खात्यानं."

दोन दिवस आम्हाला अख्ख्या मिरच्या खाव्या लागल्या, तळून, मीठ लावून. तोंडाची आग झाली तरी पूनम हसत होती. ती हसताना मी तिच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर हात डोक्याकडं गेला असता.

मनात एक बोचत होतं. ते मी कुणाला बोललो नाही. ती पास झाली तर जाणार, आणि गुड्डीला घेऊन जाणार. नापास झाली तर राहणार, आणि दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचत म्हातारी होणार. मी रोज पहाटे उठून तिला आमच्या घरातून बाहेर जायला तयार करत होतो. एखाद्या पहाटे वाटायचं, आज डावा पाय जड पडतोय, पडू दे, कशाला ओरडायचं? पण तोंडातून ओरडणं निघालेलं असायचं. चुकीचं धावणं मला ऐकवत नाही. स्वभावाला औषध नाही.

धुळ्याच्या मैदानावर तिच्याबरोबर मीच गेलो. धुळ्याची थंडी म्हणजे हाडात शिरणारी, आमच्या जळगावच्या थंडीला ती लाजवते. मैदानाला तारेचं कुंपण होतं. बाकीच्यांचे बाप, भाऊ, नवरे तारेला नाक लावून उभे. मी कुंपणाला पाठ लावून रस्त्याकडं तोंड करून उभा राहिलो. शेजारच्या एका माणसानं विचारलं, "बाबा, तुमचं कुणी नाही का आत?"

म्हटलं, "आहे. सून आहे."

"मग बघा की, सुटल्या पोरी!"

म्हटलं, "मला ऐकू येतं."

खरं सांगतो, काहीही ऐकू येत नव्हतं. एवढ्या पायांच्या गर्दीत एक पाय कसा ओळखायचा? शिट्ट्या, आरडाओरडा, लाउडस्पीकर. मी काठी दोन्ही हातांनी धरून उभा होतो आणि समोरून एक उसाची बैलगाडी चालली होती, तिच्याकडं बघत होतो. बैलांच्या नाकातून वाफ निघत होती. तेवढंच आठवतं. मग मागून तारेत बोटं अडकवून कुणीतरी म्हणालं, "आबा, वळा आता. झालं."

मी वळलो. ती तारेच्या पलीकडं, घामानं डबडबलेली. तिचा हात डोक्याकडं गेला नाही. दमली होती म्हणून असेल. मैदानात ती चांगल्या नंबरात आली होती. पुढं लेखी परीक्षा झाली, त्यातलं मला काही कळत नाही, पण तीही तिनं काढली. ट्रेनिंगला गेली तेव्हा गुड्डी आमच्याकडं राहिली. धुळ्याला नेमणूक झाली, खोली मिळाली, तशी ती गुड्डीलाही घेऊन गेली. गुड्डीचा झबल्या-टोपऱ्यांचा डबा म्हातारीनं ठेवून घेतला. कशाला, विचारलं तर म्हणते, "जागा आडवत नही तो."

त्यानंतर मी पुन्हा भिंतीला पाठ लावून बसायला लागलो. वय झालं, गुडघे दुखतात, असं सांगतो. लोक विचारतात सून काय म्हणते, मी ऐटीत सांगतो, "धुळ्याला पोलीस आहे आमची सून." एवढं सांगून झालं की पुढं बोलायला काही उरत नाही.

या हिवाळ्यात पूनम चार दिवसांच्या रजेवर आली. गुड्डी आता सरळ बोलते, शाळेतलं बोलते, आमचं बोलणं ऐकून हसते. पूनम अंगानं भरली आहे, आवाज मोठा झाला आहे. रात्रीच मी कानटोपी उशाशी ठेवली. पहाटे उठलो, चूल पेटवली, स्वतः चहा टाकला. रस्त्यावर भरतीच्या पोरींचे पाय वाजायला लागले होते. पूनमच्या दाराची कडी वाजवली.

"पूनम, ऊठ. पोरी पुढं गेल्या."

आतून झोपेतला आवाज, "कुठं जायचंय आबा?"

"रस्त्यावर. धावायला."

मग ती दार उघडून आली, डोळे चोळत. "नाही आबा. आता कशाला? झाली ना भरती." आणि हसून म्हणाली, "मला कधी आवडलंच नाही धावायला. जिवावर यायचं. थंडीत उठायचं म्हटलं की रडू यायचं मला."

मी म्हटलं, "बरं. झोप."

चुलीपाशी जाऊन बसलो. चहा उतू गेला होता. म्हातारी आली, तिनं माझं तोंड पाहिलं, डोक्यावरची टोपी पाहिली आणि तिला समजलं. मी म्हटलं, "हिला आवडतच नव्हतं म्हणे. मी आपला अख्खा हिवाळा पाठ करून उभा. आवडत नव्हतं तर एकटीनं का नाही उरकलं? मला कशाला ओढलं रोज?"

म्हातारी निखारे सारत म्हणाली, "पहूरले पोरींचा गट व्हता. शिकवाले सर व्हते. टमटम येत व्हती न्याले. तिले तिथीच जायाचं व्हतं."

"मग?"

"मीच सांगतलं तिले. म्हटलं, पोरी, तुझा सासरा भिताडाले चिकटून मरून जाईन. याले काही करून रस्त्यावर ने. तर ते म्हने, मी भिते म्हनून सांगते." तिनं निखाऱ्यावर फुंकर मारली. "ते भिते? माहेरी रातच्याले एकटी पानी धरे शेतात."

मला आधी राग आला. आपला स्वभाव तसा आहे, आधी राग येतो. दोन बायांनी मिळून मला रोज पहाटे बाहेर काढलं, अडेल बैलाला दावं धरून पाण्यावर न्यावं तसं, आणि मी समजत होतो की मी राखण करतो. गटात गेली असती तर सर होते, खरा गोळा होता, शेजारी पळणाऱ्या पोरी होत्या. ते सगळं सोडून ती एका म्हाताऱ्याच्या पाठीमागं एकटी धावत राहिली. थंडीत रडू यायचं म्हणे. मी रडलेला श्वास ओळखायचो आणि समजायचो, किशोरसाठी असेल.

राग फार टिकला नाही. चुलीतला धूर डोळ्यांत गेला, असं मी म्हातारीला सांगितलं. ती म्हणाली, "धूर तर त्या आंगाले, दाराकडे जाऊन राह्यला."

पूनमला मी काही बोललो नाही. ती चारही दिवस उशिरापर्यंत झोपली, आणि मी गुड्डीला आवाज करू दिला नाही. जायच्या दिवशी आम्ही पहूरच्या स्टँडवर गेलो. एसटी लागली होती. गुड्डी खिडकीत जाऊन बसली. पूनम पाया पडली, उभी राहिली आणि थेट माझ्याकडं बघून म्हणाली, "आबा, सकाळचं फिरायला जाता ना तुम्ही अजून?"

आम्ही दोघे एकमेकांकडं बघत होतो. मी घरातच बसून असतो हे तिला ठाऊक असणार, म्हातारी सांगितल्याशिवाय राहिली नसेल.

मी म्हटलं, "जातो ना. रोज जातो. विचार दामूला."

"मग झालं," ती म्हणाली आणि गाडीत चढली. कंडक्टरनं दोरी ओढली.

दुसऱ्या दिवशी पहाटे फार धुकं होतं आणि गुडघे खरोखरच दुखत होते. म्हातारी म्हणाली, "आज ऱ्हाऊ द्या, उद्या जा." मी कानटोपी घातली. सुनेला एकदा जातो म्हणून सांगितलेलं, ते खोटं कसं पडू देणार? दार ओढून घेतलं आणि निघालो.